गाईचा चीक, बाईचा चीक

नाचणगावात जिजाच्या रागाला लोक भीत नसत, वचकून असत. भीती वाटते ती मारक्या सांडाची, कारण तो विनाकारण शिंग मारतो. जिजाच्या रागाला कारण असायचं, आणि पंचाईत अशी की ते कारण बहुतेक वेळा समोरच्यालाही ठाऊक असायचं. त्यामुळे तिच्याशी भांडायला उभं राहिलेलं माणूस अर्ध्यातच खाली बघू लागे. गावातल्या बाया म्हणत, हिच्या जिभेला हाड नाही. हाड असतं तर एव्हाना झिजून गेलं असतं, असं तिचा नवरा सोनबा म्हणायचा, पण तो हे गोठ्यात, बैलांसमोर म्हणायचा.

ती बोरगाव मेघेच्या नानाजीची थोरली लेक. नानाजीला गवळाऊ जातीच्या गाईंचा भारी शौक. घरात माणसांना वेळेवर भाकर मिळो न मिळो, गाईंना सरकीची ढेप वेळेवर मिळायची. जिजा चालायला शिकली तीच मुळी गाईच्या शेपटीला धरून, असं तिची आई सांगे. दहा-बारा वर्षांची असताना ती बापासोबत बाजारात गेली. तिथे एकाने विकायला आणलेली गाय दोन वेळा दोहलीच नव्हती, म्हणजे कास टम्म दिसावी. नानाजीचा सौदा ठरत आला होता. जिजा मध्येच म्हणाली की कास भरलेली नाही, तुंबलेली आहे, गाय पाय झाडते आहे ते दिसत नाही का. सौदा मोडला. बापाने रस्ताभर तिला बोल लावले, लोकांत तोंड घालते म्हणून. पण गाय घेतली नाही हेही खरं.

पन्नास साली तिचं लग्न झालं आणि ती पुलगावाला लागून असलेल्या नाचणगावात आली. घरात माणसं मोजकीच. सासू गंगा, विधवा, हाडापेराने काटक. नणंद नलू आधीच लग्न होऊन गेलेली. आणि सोनबा. सोनबा स्वभावाने गरीब, इतका गरीब की घरात दोन बायकांचा आवाज चढला की तो बैलांना पाणी दाखवायला निघायचा, मग बैल नुकतेच पिऊन बसलेले का असेनात. चार एकर काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी, दारात दोन गाई. खाऊनपिऊन सुखी असं घर. पण त्या घरात पाळणा हलत नव्हता, आणि हलला तेव्हा थांबायला वेळ लागला नाही.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगा झाला, चांगला भरलेला, रडका. आता इथे रीत काय होती ते सांगायला हवं, कारण सगळा राग तिथूनच सुरू होतो. बाईच्या अंगावर पहिले तीन दिवस जे दाट, पिवळं दूध येतं, तो चीक. तो बाळाला द्यायचा नाही. नऊ महिने अंगात साठून राहिलेला, म्हणजे शिळा, जड, बाधणारा. तो बाईनेच पिळायचा आणि भिंतीवर फेकायचा. जमिनीवर सांडला तर त्यावर पाय पडतो आणि दूध आटतं, म्हणून भिंतीवर. तोवर बाळाला गूळपाणी, एरंडेलाचा थेंब, आणि वरून कोणाच्या तरी घरचं शेळीचं दूध. तेही जुन्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा करून. तोच बोळा दिवसभर वाटीत भिजत पडलेला, त्यावर माशा, आणि पोर रडलं की तोच पुन्हा तोंडात.

जिजाने आपल्या हाताने चीक पिळला. आई वाटी धरून बसली होती, आणि वाटी भरली की भिंतीवर रिकामी करत होती. चौथ्या दिवशी पोर छातीशी आलं. दहाव्या दिवशी त्याचं पोट ढोलकीसारखं ताणलं, हिरवी पातळ हगवण लागली आणि अंगाला अशी घाण सुटली की धुतलं तरी जात नव्हती. बारशाच्या आधीच ते गेलं. बाया म्हणाल्या, सटवीने पाचव्या दिवशी कपाळावर एवढंच लिहिलं होतं. जिजा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. सटवीवर रागावता येत नाही, म्हणून ती नुसती रडली.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, त्रेपन्न साली, सासरी. पुन्हा चीक भिंतीवर, तेच गूळपाणी, तोच बोळा, आणि पुन्हा आठवड्याने तीच हिरवी हगवण. या वेळी मात्र गंगाला सटवीवर भागवायचं नव्हतं. एक गेलं तर नशीब, दोन जायला लागली तर दोष. दोष शोधायची एक परीक्षा तिच्याकडे होती. तिने जिजाचं दूध पितळी वाटीत पिळायला लावलं, उंबऱ्याजवळून एक काळी मुंगी चिमटीत धरून आणली आणि दुधात सोडली. मुंगीने पाय मारले, गोल फिरली आणि थांबली. गंगाने वाटी दाईपुढे धरली, शेजारणींपुढे धरली. सगळ्यांनी पाहिलं. मुंगी मेली, म्हणजे दूध जहरी.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे फाशी देणारी मुंगी होती एवढंच.

त्या दिवसापासून मुलीला आईजवळ नेणं बंद झालं. आधी शेळीचं दूध. मग सोनबा पुलगावातल्या एका डॉक्टरकडे गेला. त्या शिकलेल्या माणसाने तरी बाईला छातीशी घे म्हणून सांगावं की नाही? त्याने दुधाच्या भुकटीचा डबा दिला, रबरी बोंडाची बाटली दिली आणि कसं कालवायचं ते घाईघाईत सांगितलं. बाटली उकळायची हे त्याने सांगितलं नाही की सोनबा विसरला, ते देव जाणे. बाटली रांजणातल्या पाण्याने विसळली जायची. पोरगी एका खोलीत वाळत गेली आणि दुसऱ्या खोलीत तिच्या आईच्या छातीला दुधाच्या गाठी आल्या. चोळी भिजायची. ठणक इतकी की हात वर करता येत नव्हता. भुकेलं पोर पलीकडे रडत होतं आणि त्याचं अन्न इकडे लुगड्यात जिरत होतं. तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं. दूध मात्र आणखी बरेच दिवस येत राहिलं.

जिजाला राग येऊ लागला तो तेव्हापासून. आधी ती तिखट होती, आता पेटती झाली. आणि तिला पेटवायला गावात काडी धरणाऱ्यांची कमी नव्हती. विहिरीवर कोणाचं पोर तिच्याकडे धावलं तर आई त्याला मागे ओढून घ्यायची. जहरी छातीची म्हणून तिची ओळख झाली. गंगाने मुलाजवळ दुसऱ्या बायकोचा विषय काढला. एक मुलगी पाहूनही ठेवली होती, देवळीकडची. सोनबा बैलांना पाणी दाखवायला गेला, पण नाही म्हणाला नाही. गंगाने जिजाला तोंडावर सांगितलं की आता एक खेप बघू. जगलं तर तू या घरची. नाही जगलं तर उन्हाळ्यात दुसरीला आणू, तू राहायचं तर राह्य, नाहीतर बापाच्या गाई वळ.

पंचावन्नच्या माघात जिजाला आठवा लागलेला असताना घरची गाय व्याली. वासरू अशक्त झालं होतं, मान धरत नव्हतं. शेजारचा रामाजी सकाळी सकाळीच लोटा घेऊन हजर. चिकाचा खरवस कोणाला नको असतो? नाचणगावात कोणाची गाय व्याली तर बातमी आणि लोटे बरोबरच पोचत. जिजा गोठा झाडत होती. गंगा वासराला पोटाशी धरून सडाजवळ नेत होती, त्याच्या तोंडात बोट घालून चोखायला शिकवत होती. रामाजीचा लोटा दिसताच ती फणकारली.

"आधी वासराले पाजू दे. चीक पोटात गेल्याबिगर वासरू जगते काय? पांढरी हगवण लागून मरन ते. उरला तं तुले देईन, नाई तं नाई."

जिजाच्या हातातला खराटा तिथेच थांबला. हे वाक्य तिने बापाच्या घरी शंभरदा ऐकलं होतं. नानाजी वासराला चीक पाजल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचा नाही. चिकावाचून राहिलेली दोन-तीन वासरं तिने मरताना पाहिली होती. पोट फुगलेलं, शेपटी घाणीने बरबटलेली, आणि तोच वास. तोच वास, बाई! आपल्या पोराच्या दुपट्याला होता तो. आणि एवढी वर्षं आपण दोन्ही वास नाकात घेऊन फिरलो आणि एकदाही एकाशेजारी एक ठेवून पाहिले नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "वासराले चीक पायजे, नाई तं मरते. मंग माह्या लेकराचा चीक भितीवर काऊन फेकलात?"

गंगाने मान वर केली नाही. गाय गाय असते आणि बाई बाई असते, असं काहीतरी ती पुटपुटली. रामाजीने बायकांचा विषय निघालेला पाहून लोटा काखेत मारला आणि वाट धरली.

गाय गाय असते! हेच गाव, ज्यात एकाही शेतकऱ्याने आजवर वासराच्या तोंडचा पहिला चीक काढला नाही, कारण वासराला किंमत होती. पोर मेलं तर सटवीचं देणं. वासरू मेलं तर मात्र मालकाची अक्कल काढायची. हे जिजाच्या मनात आलं ते असंच्या असं नसेल, पण आलं एवढं खरं, कारण त्या दिवशी तिने रांधलेल्या वरणात मीठ नव्हतं आणि कोणी तिला विचारायची छाती केली नाही.

मग तिने रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार चालवला. ती रोज संध्याकाळी दही लावायची. कोमट दुधात आदल्या दिवशीच्या चांगल्या दह्याचं बोटभर विरजण. विरजण घातलं नाही आणि दूध उघडं राहिलं तर ते काही कोरं राहत नाही. त्यात काहीतरी पडतंच, आणि मग ते दही होत नाही, नासतं, तार धरतं, घाण मारतं. जिजाला वाटू लागलं की पोराचं पोटही तसंच कोरं भांडं असणार. त्यात पहिल्यांदा काय घालता त्यावर ते लागणार की नासणार ते ठरणार. आईच्या अंगातलं विरजण भिंतीवर, आणि माशांनी चाटलेला बोळा पोटात. दुसरं काय होणार?

आज मोठमोठे लोक सांगतात की माणसाच्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात, त्यातले बरेच आपले सोबती असतात, अन्न पचवतात, रोगाला वाट अडवतात. ही वस्ती बाळ जन्मतं तेव्हापासून बसायला लागते, आणि आईच्या चिकात त्या सोबत्यांचं अन्नही असतं आणि शत्रूंना थोपवणारं बळही असतं. जिजाला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि तिचं विरजणही सगळं बरोबर नव्हतं. चीक म्हणजे काही दही नव्हे. शिवाय तिला वाटायचं की पहिली पोरं गेली त्यात एरंडेलाचाच मोठा हात असावा, आणि घरातलं सगळं एरंडेल तिने रागाने उकिरड्यावर ओतलं, त्यावरून गंगाशी दोन दिवस भांडण झालं. पण बाकीचं खरं होतं. ते खरं आहे हे कोणी तिला सांगायला आलं नाही. ते सांगणारे आले ते कितीतरी वर्षांनी, आणि आले तेव्हा नव्या शोधाच्या ऐटीत आले.

फाल्गुनात जिजा बाळंत झाली. मुलगी झाली. दाई बकुबाईने दारातूनच तसं सांगितलं. बाहेर सोनबाला कळलं तेव्हा तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

उजाडताच गंगा खोलीत आली. एका हातात शेळीच्या दुधाची वाटी आणि बोळा, दुसऱ्या हातात रिकामी वाटी, चीक पिळायची. मागे बकुबाई आणि दोन शेजारणी. या बायका बाळंतिणीला बघायला आल्या होत्या आणि जहरी छातीच्या बाईच्या पोराचं काय होतं हेही बघायला आल्या होत्या. जिजाने मुलीला कुशीत घट्ट धरलं आणि गंगाला म्हणाली की परीक्षा घ्या ना. मुंगीची. तुमचीच परीक्षा आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त या खेपेला सगळ्याच दुधांची घेऊ.

गंगाला नाही म्हणता येईना. परीक्षा तिचीच होती आणि चार बाया उभ्या होत्या. बकुबाईनेच गुळाच्या मडक्याजवळून मुंग्या आणल्या. पहिली मुंगी शेळीच्या दुधात. तिने पाय मारले, गोल फिरली, थांबली. बाया जवळ सरकल्या. दुसरी मुंगी बोळा भिजवायच्या गूळपाण्यात. तीही थांबली. एक शेजारीण हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. मग जिजाने देवघरातलं तीर्थ मागितलं. बकुबाई चाचरली, पण जिजाच्या डोळ्यांकडे पाहून तांब्या घेऊन आली. तिसरी मुंगी तीर्थात पडली. तीसुद्धा बुडाली.

मग जिजाने पळीत पिळलेल्या स्वतःच्या दुधात चौथी सोडली आणि ती मरेपर्यंत सगळ्यांना पाहू दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "शेळी जहरी, गूळ जहरी, देवाचं तीर्थ बी जहरी. मुंगी बुडून मरते वं बाई, जहरानं नाई मरत. एवढुश्या मुंगीच्या साक्षीवर तुमी माह्या पोरीचं दूध तोडलं. ती उपाशी मेली अन् मी इथं भिजत राह्यली."

गंगाच्या हातातली रिकामी वाटी तशीच होती. शेवटी ती म्हणाली की बरं, दूध जहरी नसेल, पण तीन दिवस तरी रीत पाळ, चीक पिळ, चौथ्या दिवशी पाज. जिजाने चोळीची गाठ सोडली आणि सगळ्यांच्या देखत मुलीला छातीला लावलं. मुलगी आधी चुकली, मग तिला सापडलं आणि ती चोखू लागली. जिजाने बायांकडे पाहत सांगितलं की आता हिला माझ्यापासून उचलायला जो हात पुढे येईल तो मी मोडीन, मग तो कोणाचाही असो.

गंगा दोन्ही वाट्या घेऊन बाहेर गेली. त्यानंतर ती बाळंतिणीच्या खोलीत आली नाही. जेवण मात्र ठरल्या वेळी पाठवत राहिली. गरम भाकर, मेथीची भाजी, तुपाची वाटी, बकुबाईच्या हाती. जिजाला त्याचाही राग आला. दुष्टावा करायचा तर पुरता करावा ना. भाकर एवढी नीट भाजून पाठवली की धड शिव्याही देता येत नाहीत.

चौथा-पाचवा दिवस आला आणि मुलीची शी बदलली. पातळ, पिवळी, दर पाजण्यामागे एकदा. बकुबाईने दुपटं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती बाहेर जाऊन म्हणाली की लागली हगवण. शेजारणी पुन्हा जमल्या. आम्ही म्हटलं नव्हतं, असं म्हणायला जीभ वळवळत होती सगळ्यांची. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं म्हणाल्या, मुलीचा बळी दिला अन् वरून तीर्थात मुंगी टाकली, देव कोपणारच.

बायांसमोर भांडणारी जिजा वेगळी होती, आत एकटी बसलेली ही वेगळी. चुकलो असू तर? सगळं गाव शहाणं आणि आपणच वेड्या असू तर? तिने दुपटं उचललं आणि नाकाशी नेलं. आधीच्या दोघांच्या दुपट्यांना मेलेल्या उंदरासारखा वास होता, तो तिच्या नाकातून कधी गेलाच नव्हता. हे दुपटं आंबूस होतं, ताकासारखं. तिने पुन्हा हुंगलं. पुन्हा ताकच. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. मुलगी भुकेली होती, रागाने लाल होऊन रडत होती. मरणारं पोर असं रडत नाही, हे तिला दोनदा कळलेलं होतं.

सोनबा दाराशी आला. पुलगावला जाऊन डबा आणू का, त्याने विचारलं. आणला तर तुझ्याच डोक्यात फोडीन, ती म्हणाली. मग दुपटं त्याच्यापुढे धरून म्हणाली की हुंग. सोनबाने बाप असून आयुष्यात पहिल्यांदा पोराचं दुपटं हुंगलं. लागलंय, तो म्हणाला, दही लागल्यावानी. आणि तो गोठ्यात गेला नाही. दाराबाहेर बसून राहिला, आणि शेजारणी आल्या तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की बाळंतीण झोपली आहे, उद्या या.

मुलगी जगली. बारा दिवसांत तिच्या मांड्यांना वळ्या पडल्या. बारशाला गाव लोटलं. ज्या बाया विहिरीवर पोरं मागे ओढत होत्या त्याच आता पाळण्याला हात लावायला धडपडत होत्या. पोरीचं नाव रुखमा ठेवलं. घुगऱ्या गंगाने केल्या होत्या, सगळं गाव जेवेल एवढ्या. पण ती स्वतः पाळण्याजवळ आली नाही. नातीला तिने एकदाही हात लावला नव्हता. बाया कुजबुजल्या की म्हातारीला हार पचत नाही. जिजाने ते ऐकलं आणि तिचा संताप पुन्हा उसळला. दोन पोरं घालवली, तिसरी जगली तर तोंड फिरवते. बस झालं आता. तिने मुलीला उचललं, पदरात घेतलं आणि भरल्या बारशातून उठून ती मागच्या दारी गेली. मनात काय काय बोलायचं ते सगळं रचून गेली होती. दोन वर्षांचं साठलं होतं ते.

गंगा गोठ्यामागे गोवऱ्या थापत बसली होती, बारशाच्या दिवशी.

"आत्याबाई, पोरगी जगली म्हणून तोंड पाडलं काय तुमी?" जिजा म्हणाली. "पाहा ना हिच्याकडे. हारल्यावानी वाटून राह्यलं काय?"

गंगा गोवरी थापत राहिली. एक झाली, दुसरी झाली. मग जमिनीकडेच बघत ती बोलली, आणि तिचा आवाज इतका खाली होता की जिजाला वाकावं लागलं.

"सोनबाच्या आधी तीन झाले मले. नलूच्या मागून एक. तुले कोणी सांगतलं नसन. सारेच असेच गेले, हिरवे हगून. सासू म्हणे, पिळ, मी पिळत जाये. याच गोठ्याच्या भितीवर फेकत जाये. भित वली व्हाये." तिने थांबून हात शेणात रुतवले. "मी म्हणो, सटवीनं नेले. मंग म्हणो, तुहं दूध जहरी हाय. काहीबी म्हणता येत होतं. आता ही जगली. आता मी काय म्हणू? तुहं खरं असन, तं माहे चार मीच मारले. खोटं असू दे वं, जिजे. मी मरेपर्यंत तं खोटं असू दे."

जिजाने रचून आणलेलं सगळं तोंडात होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता कुठे टाकावं ते कळेना. दोन वर्षं तिच्या रागाला एक चेहरा होता, आणि तो चेहरा आता खाली घालून शेणात हात घालून बसला होता. एक शब्द बोलायचा होता. हाव, म्हणजे हो, म्हणायचं होतं, खोटंच आहे, ही नशिबानं जगली. म्हातारीला रात्री झोप लागली असती. पण उद्या कोणाच्या तरी घरी बाळंतीण वाटी धरून बसणार होती, आणि नणंद नलूचे दिवस भरत आले होते. जिजाला खोटं बोलता आलं नाही. तिला त्याचासुद्धा राग आला.

"खोटं नाई, आत्याबाई," ती म्हणाली. "पहिल्याच्या वेळी मायनं वाटी धरली. दुसरीच्या वेळी तुमी धरली. पिळलं तं म्याच, दोन्ही बार. याच हातानं."

गंगाने पहिल्यांदाच मान वर केली. जिजा तिच्यासमोर, मातीतच, मांडी घालून बसली आणि रडायला लागलेल्या मुलीला तिने छातीला लावलं. आत बाया गाणं म्हणत होत्या. गंगा पोरीचं चोखणं बघत राहिली, टक लावून, एक पोर दूध पितं ते आयुष्यात कधी पाहिलंच नसल्यासारखी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले, त्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. जिजाने मोकळ्या हाताने आपला पदर ओढला आणि तिचं तोंड पुसलं. जोरातच पुसलं. तिचा राग गेला नव्हता. तो आता कोणावर काढायचा एवढंच तिला उमगत नव्हतं.